ताठरता टिकत नाही: गोळी घेण्याआधी काय तपासायचं, आणि गोळी लागू पडली नाही तर काय

जालना ते छत्रपती संभाजीनगर असो की लातूर ते अंबाजोगाई, एसटीच्या खिडकीतून भिंतींवर, पुलांच्या कठड्यांवर ‘मर्दानी कमजोरी’, ‘गुप्तरोग’, ‘खात्रीशीर इलाज’ असं रंगवलेलं दिसतंच. ज्याला खरोखर त्रास आहे तो मात्र मेडिकलमधली गर्दी ओसरायची वाट पाहतो, हळूच ‘ती गोळी’ मागतो आणि खिशात घालून निघतो. त्या दोन मिनिटांत त्याचं बीपी कुणी मोजत नाही, शुगर कुणी विचारत नाही, छातीत दुखतं का हेही कुणी विचारत नाही. गोळी लागू पडली तर तपासणी कायमची राहून जाते. नाही पडली तर ‘आता आपलं संपलं’ म्हणून माणूस गप्प होतो, बायकोपासून लांब झोपायला लागतो. यातल्या पहिल्या चुकीने जीव जाऊ शकतो आणि दुसरीने विनाकारण संसार कोमेजतो. गोळीच्या आधी आणि गोळीच्या नंतर काय काय आहे, ते क्रमाने पाहू.

## नेमकं कशाला त्रास म्हणायचं?

संबंधासाठी पुरेशी लिंगाची ताठरता येत नाही, किंवा येते पण टिकत नाही, आणि हे किमान तीन महिने चालू आहे, याला डॉक्टर ‘इरेक्टाइल डिस्फंक्शन’ म्हणतात. आपण ताठरतेचा त्रास म्हणू. दिवसभर ऊस तोडून आल्यावर, दारू जास्त झाल्यावर किंवा घरात दुःखाचा प्रसंग असताना एखाद्या वेळी जमलं नाही, तर तो आजार नव्हे.

लवकर वीर्य पडणं, इच्छाच न होणं आणि मूल न होणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची कारणं वेगळी, औषधं वेगळी. ताठरतेचा त्रास असलेल्या माणसाचे शुक्राणू उत्तम असू शकतात, आणि शुक्राणू अजिबात नसलेल्या माणसाची ताठरता एकदम व्यवस्थित असू शकते. सगळ्याला मिळून ‘नामर्दी’ म्हटल्याने चुकीचं औषध चुकीच्या माणसाच्या पोटात जातं.

## ताठरता येते कशी?

लिंगात हाड नसतं. आत लांबीभर दोन स्पंजी कप्पे असतात, त्यांत रक्त भरलं आणि भरलेलं तिथेच थांबलं की ताठरता येते. रात्री दारं धरणाऱ्या शेतकऱ्याला हे पटकन कळेल. वाफा भरायचा तर मोटारीत जोर पाहिजे, वायर शाबूत पाहिजे, पाइप चोंदलेला नको, वाफ्याचं दार उघडलं पाहिजे आणि आलेलं पाणी धरायला बांध पाहिजे. इथे मोटार म्हणजे हृदय, वायर म्हणजे मज्जातंतू, पाइप म्हणजे रक्त आणणाऱ्या रोहिण्या.

मन उत्तेजित झालं की मज्जातंतूंच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो. त्यामुळे तिथले बारीक स्नायू सैल पडतात. दार उघडतं, रक्त आत येतं. कप्पे फुगले की त्यांच्यावरच्या चिवट आवरणाखाली परतीच्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त अडतं, हा झाला बांध. शरीरातल्या नायट्रिक ऑक्साइडचं हे काम उलगडल्याबद्दल रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नॅरो आणि फेरिद मुराद यांना १९९८ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी मार्चमध्ये सिल्डेनाफिल या गोळीला अमेरिकेत परवानगी मिळाली. ही गोळी मुळात हृदयरोगातल्या छातीदुखीसाठी तपासली जात होती, ताठरतेवरचा तिचा परिणाम त्या चाचण्यांत लक्षात आला.

दार उघडतं ते स्नायू सैल पडल्याने. भीती वाटली, घाई झाली, ‘आज जमेल ना’ हा विचार आला की शरीरात ॲड्रेनलिन वाढतं आणि ते हेच स्नायू आवळतं. म्हणजे मनावरच्या ताणाचा परिणाम थेट रक्तपुरवठ्यावर होतो. ‘हे सगळं डोक्यात आहे’ म्हणून त्याला उडवून लावण्यात अर्थ नाही.

## शुगरवाल्यांना हा त्रास इतका का?

जास्तीची साखर वायर आणि पाइप दोन्ही खराब करते. पायाला मुंग्या येतात, तळव्याला चप्पल निसटलेली कळत नाही, तीच मज्जातंतूंची झीज इथेही होते. शिवाय रोहिणीचं अस्तर बिघडलं की नायट्रिक ऑक्साइड कमी तयार होतो. मधुमेह असलेल्या पुरुषांपैकी साधारण निम्म्यांना कधी ना कधी हा त्रास होतो, आणि इतरांपेक्षा बरीच वर्षं आधी होतो. उच्च रक्तदाब, वाढलेलं कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर आणि तंबाखू याच यादीत येतात.

तंबाखूबद्दल आपल्याकडे एक पळवाट असते: ‘मी बिडी-सिगारेट ओढत नाही, नुसता बार भरतो.’ मळलेली तंबाखू असो, मावा असो की गुटखा, निकोटीन गालाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जातंच, आणि निकोटीनने रक्तवाहिन्या आवळतात. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. टपरीवर काय मिळतं ते सगळ्यांना माहीत आहे.

विहिरीत किंवा झाडावरून पडून मणक्याला लागलेला मार, ओटीपोटाचं हाड मोडणं, प्रोस्टेटच्या (मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) कर्करोगाची शस्त्रक्रिया यांनी वायरच तुटू शकते. तिथे उपाय थोडे वेगळे लागतात. ते पुढे येतील.

## हृदयाआधी इथे का कळतं?

लिंगाला रक्त नेणाऱ्या रोहिण्या साधारण १ ते २ मिलिमीटरच्या, हृदयाच्या ३ ते ४ मिलिमीटरच्या. चरबीचा थर दोन्हीकडे सारख्याच वेगाने साचत असेल तर बारीक पाइप आधी अडणार. म्हणून पंचेचाळीस-पन्नाशीच्या माणसाला, विशेषतः तंबाखू खाणाऱ्याला किंवा घरात हृदयविकार असणाऱ्याला, ताठरतेचा त्रास सुरू झाला तर छातीचं दुखणं त्याच्यामागून दोन ते पाच वर्षांत येऊ शकतं. ही दोन-पाच वर्षं फार मोलाची आहेत. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल ताब्यात आणायला एवढा वेळ पुरतो. मेडिकलमधून गुपचूप गोळी घेणारा माणूस नेमकी हीच वर्षं हातची घालवतो.

## तपासणीत काय असतं?

फार काही नसतं, आणि महागही नसतं. बीपी, पोटाचा घेर, वजन. उपाशीपोटी साखर आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी. कोलेस्टेरॉल. इच्छाही कमी झाली असेल तर टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन. हे रक्त सकाळी दहाच्या आत द्यायचं, कारण दिवस चढतो तशी त्याची पातळी उतरते. दुपारी दिलेल्या नमुन्यात ती विनाकारण कमी दिसते. कमी आलं तर दुसऱ्या एखाद्या सकाळी पुन्हा तपासायचं आणि मगच निष्कर्ष काढायचा. डॉक्टर लिंग आणि वृषण हातानेही तपासतात, कारण लिंगात गाठ किंवा बाक असेल तर उपचार बदलतो. रक्तप्रवाहाची डॉप्लर सोनोग्राफी सगळ्यांना लागत नाही. तरुण वय, अपघाताचा इतिहास किंवा शस्त्रक्रियेचा विचार असेल तेव्हा ती करतात.

डॉक्टर एक प्रश्न हमखास विचारतात: पहाटे किंवा झोपेतून उठताना ताठरता येते का? निरोगी पुरुषाला रात्रीतून तीन ते पाच वेळा झोपेत ताठरता येते. पहाटे चांगली येते आणि पत्नीजवळ मात्र येत नाही, तर वायर, पाइप, बांध ठीक आहेत आणि अडचण ताणाची आहे असा अंदाज बांधता येतो. पहाटेचीही हळूहळू कमी होत गेली असेल तर शरीरात कारण शोधायचं.

जाताना चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या स्ट्रिप सोबत न्या. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉलसारख्या बीपीच्या गोळ्या, लघवी वाढवणारी हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन, नैराश्यावरची आणि मानसिक आजारावरची काही औषधं, टक्कल पडू नये म्हणून घेतलेली फिनास्टराइड यांनी ताठरता कमी होऊ शकते. बीपीसाठी पर्यायी औषधं बरीच आहेत, डॉक्टर बदलून देतात. स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका. बीपीची गोळी सोडून लकवा ओढवून घेणं कुणालाच परवडणारं नाही.

## गोळी: घ्यायची कशी आणि फसते का?

दार उघडण्याचा निरोप देणारं रसायन शरीर थोड्या वेळाने स्वतःच मोडून टाकतं. ते मोडणाऱ्या घटकाला सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल या गोळ्या अडवतात, म्हणून निरोप जास्त वेळ टिकतो. पण मुळात निरोप निघालाच नाही तर गोळी काही करत नाही. गोळी घेऊन टीव्हीसमोर बसलं तर ताठरता येणार नाही. स्पर्श, जवळीक, इच्छा लागतेच. गोळीने इच्छा वाढत नाही, लिंगाचा आकार वाढत नाही, वीर्यही वाढत नाही.

सिल्डेनाफिल २५, ५० आणि १०० मिलिग्रॅममध्ये मिळते. बहुतेकांना ५० पासून सुरुवात करतात. पासष्टीच्या पुढे, यकृत किंवा मूत्रपिंडाचा मोठा आजार असेल तर २५. संबंधाच्या साधारण तासभर आधी, पोट रिकामं किंवा हलकं असताना घ्यायची. परिणाम चारेक तास राहतो. चोवीस तासांत एकच. सगळ्यात जास्त फसगत जेवणामुळे होते. काळ्या मसाल्याचा मटणाचा तेलकट रस्सा, चार भाकरी, वर एखादा पेग आणि मग गोळी, असा बेत असेल तर औषध रक्तात उतरायला तास-दीड तास उशीर होतो आणि त्याचा जोरही घटतो. अर्ध्या तासात काही झालं नाही म्हणून दुसरी गोळी घेतली जाते, आणि मग दोन्ही एकदम चढतात: डोकं ठणकतं, गरगरतं, बीपी पडतं.

टाडालाफिल जेवणावर अवलंबून नाही. १० किंवा २० मिलिग्रॅमची एक गोळी साधारण ३६ तासांपर्यंत उपयोगी राहते, म्हणून घड्याळाकडे बघायची घाई राहत नाही. परिणाम सुरू व्हायला मात्र दोन तासांपर्यंत लागू शकतात. आठवड्यातून दोन-तीनदा संबंध येत असेल तर रोज ५ मिलिग्रॅमची छोटी गोळी हा पर्याय असतो. पन्नाशीनंतर लघवीला धार नसणं, रात्री वारंवार उठावं लागणं हा प्रोस्टेटचा त्रास असेल तर त्यालाही याच रोजच्या गोळीने आराम पडतो. दोन कामांसाठी दोन वेगवेगळी औषधं घ्यावी लागत नाहीत.

दहापैकी सहा-सात जणांना या गोळ्यांचा गुण येतो. जुन्या मधुमेहात प्रमाण थोडं कमी असतं. एकदा घेऊन ‘आपल्याला लागू नाही’ असं ठरवू नका. योग्य रीतीने, डॉक्टरांनी ठरवलेल्या पूर्ण मात्रेत सहा-आठ वेळा घेतल्यावरच गोळी फसली असं म्हणायचं. गुण न आलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं काम घेण्याची पद्धत सुधारल्यावर होतं.

डोकेदुखी, चेहरा तांबडा होणं, नाक चोंदणं, छातीत जळजळ हे नेहमीचे त्रास. टाडालाफिलने कंबर आणि मांड्या दुखतात, सिल्डेनाफिलने काही वेळ निळसर दिसू शकतं. एका डोळ्याने अचानक दिसेनासं झालं किंवा ऐकू येईनासं झालं तर गोळी बंद आणि थेट दवाखाना.

बाजारात लवकर वीर्य पडण्यावरचं डॅपॉक्सेटीन एकत्र केलेल्या गोळ्याही असतात. डॅपॉक्सेटीनने उभं राहताना चक्कर येऊन पडायला होतं. ज्याला तो त्रासच नाही त्याने अशी गोळी कशाला घ्यायची? स्ट्रिपवरचं नाव वाचून घ्या.

## ‘गोळीने हार्ट अटॅक येतो’ हे खरं आहे का?

नुसत्या गोळीने अटॅक येत नाही. धोका दोन ठिकाणी आहे.

पहिला नायट्रेटचा. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट ही नायट्रेटचीच गोळी, आपल्याकडे बऱ्याच घरांत ठेवलेली असते. हृदयाच्या अनेक रुग्णांना नायट्रेटच्या गोळ्या रोजच चालू असतात. त्याही नायट्रिक ऑक्साइडच्याच मार्गाने रक्तवाहिन्या सैल करतात. वरून सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल आली की सगळ्या शरीराच्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात, रक्तदाब कोसळतो आणि माणूस दगावू शकतो. म्हणून नायट्रेट चालू असलेल्याने या गोळ्या घ्यायच्याच नाहीत. छातीदुखीवरचं निकोरँडिल घेणाऱ्यांनाही हेच लागू.

हे उलट बाजूनेही लक्षात ठेवायचं. सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर ४८ तास सॉर्बिट्रेट चालत नाही. छातीत दुखायला लागलं, शेजारी धावत आला आणि त्याने चांगल्या भावनेनेच जिभेखाली गोळी ठेवली, तर घात होतो. अशा वेळी १०८ ला फोन करा आणि गाडीतल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा की अमुक वाजता अमुक गोळी घेतली होती. दुखणाऱ्याला सांगता येत नसेल तर घरातल्याने सांगायचं, म्हणजे पत्नीला गोळीबद्दल माहीत असायला हवं. लपवून गोळी घेण्यातला सगळ्यात मोठा धोका हाच.

दुसरा धोका श्रमाचा. संबंधाला लागणारा श्रम साधारण दोन जिने भरभर चढण्याएवढा असतो. तेवढं धाप न लागता, छाती न दुखता जमत असेल तर हृदयाला सहसा हरकत नसते. जमत नसेल, किंवा नुकताच अटॅक येऊन गेला असेल, तर आधी हृदयाच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं.

प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन किंवा बीपीसाठी प्राझोसिन चालू असेल तर तेही सांगा. गोळी मिळते, पण कमी मात्रेने सुरू करतात. आणि सवय लागते का? शरीराला लागत नाही. बंद केल्यावर आधीपेक्षा वाईट होत नाही.

## नवं लग्न, पहाटे सगळं ठीक, तरी जमत नाही

पंचविशी-तिशीतल्या मुलांची ही नेहमीची तक्रार. दोन खोल्यांचं घर, भिंतीपलीकडे आई-वडील, लग्नाला आठ दिवस झाले की मित्रांची चौकशी. पहिल्या वेळी जमलं नाही, दुसऱ्या वेळी त्याची धास्ती, तिसऱ्या वेळी ॲड्रेनलिनने दार बंद. डोक्यात हस्तमैथुनाने नस कमजोर झाल्याची भीती आणि रक्ताच्या शंभर थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो ही ऐकीव गोष्ट. दोन्ही खोट्या आहेत. हस्तमैथुनाने नस कमजोर होत नाही आणि वीर्य शरीरात सतत बनत राहतं. शौचाला जोर दिल्यावर येणारा पांढरट चिकट स्राव बहुतेक वेळा प्रोस्टेटचा असतो, त्याने ताकद जात नाही.

यावर समुपदेशक एक पद्धत सुचवतात. पहिले दोन आठवडे संबंध ठेवायचाच नाही, असं दोघांनी मिळून ठरवायचं. आठवड्यातून दोन-तीनदा निवांत वेळ काढून फक्त हात, पाठ, खांदे, केस असा स्पर्श, जननेंद्रियं वगळून. पुढच्या टप्प्यात तिथेही स्पर्श, पण ताठरता आली तरी संबंध नाही. आली तर जाऊ द्यायची, पुन्हा येते हे पाहायचं. परीक्षाच नाही म्हटल्यावर भीती जाते. मगच संबंध. बऱ्याच जोडप्यांना यात काही आठवडे जातात. सोबत काही दिवस गोळीचा आधार दिला तर आत्मविश्वास लवकर येतो, मग डॉक्टर ती कमी करतात. पत्नीने ‘मी आवडत नाही म्हणून असं होतंय’ असं मनाला लावून घेतलेलं असतं. तिला सोबत नेल्याशिवाय हा उपचार अर्धवटच राहतो.

## व्यायामाने खरंच फरक पडतो?

पडतो, वेळ लागतो. आठवड्यातून चारदा, प्रत्येक वेळी ४० मिनिटं, घाम येईल आणि दम लागेल असं चालणं, सायकल किंवा धावणं, सहा महिने. शेतात दिवसभर असलो तरी हे वेगळं लागतं, कारण वाकून, थांबत-थांबत केलेल्या कामात हृदयाची गती सलग वाढलेली राहत नाही.

ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम बिनखर्चाचा आहे. वारा अडवताना जे स्नायू आवळतो तेच आवळून पाच ते दहा सेकंद धरायचे, तेवढाच वेळ सोडायचे, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट, मांड्या ढिल्या ठेवायच्या, श्वास कोंडायचा नाही. हेच स्नायू बांध घट्ट धरायला मदत करतात. तीन महिन्यांआधी निकाल लावू नका.

## गोळी फसली, किंवा चालतच नाही. मग?

इथे बहुतेक जण थांबतात, पण इथून पुढेही उपाय आहेत.

व्हॅक्युम पंप हा नायट्रेट घेणाऱ्या हृदयरुग्णांनाही चालतो. प्लास्टिकची नळी, तिला हाताचा किंवा बॅटरीचा पंप आणि एक रबरी कडं, एवढंच साधन. लिंगाच्या बुडाशी असलेले केस कापून तिथे जेली लावायची म्हणजे हवा गळत नाही. नळी अंगाला घट्ट टेकवून सावकाश हवा ओढायची, मध्ये थोडं थांबायचं. रक्त भरलं की कडं बुडाशी सरकवून नळी काढायची. कडं ३० मिनिटांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, आणि ते अंगावर असताना झोप लागता कामा नये. लिंग थोडं गार, निळसर लागतं, बुडाशी हलतं, वीर्य बाहेर यायला अडथळा होतो, हे अपेक्षित आहे. पहिल्या दोन-चार वेळा जमत नाही, आधी एकट्याने सराव करावा. हवेचा ताण एका मर्यादेत रोखणारी झडप असलेलाच पंप घ्या. रक्त पातळ करणारं वॉरफरिनसारखं औषध चालू असेल तर आधी विचारा.

इंजेक्शन म्हटलं की अंगावर काटा येतो, पण रोज इन्सुलिन टोचणाऱ्याला ते लवकर जमतं. सुई तेवढीच बारीक असते. अल्प्रोस्टॅडिल, किंवा पॅपाव्हेरीन आणि फेंटोलामाइनसह केलेलं मिश्रण, लिंगाच्या बाजूला स्पंजी कप्प्यात देतात. वरच्या मधल्या रेषेवर नाही, कारण तिथे नसा असतात. खालच्या बाजूला नाही, कारण तिथे मूत्रमार्ग असतो. पाच ते पंधरा मिनिटांत ताठरता येते. औषध थेट कप्प्यात जात असल्याने मणक्याच्या किंवा प्रोस्टेटच्या रुग्णांनाही गुण येतो, वायर तुटलेली असली तरी. पहिली मात्रा दवाखान्यातच घ्यायची, तिथेच प्रमाण ठरवून शिकवतात. टोचल्यावर काही मिनिटं दाबून धरायचं, दर वेळी बाजू बदलायची, दोन वेळांत निदान २४ तास आणि आठवड्यात तीनपेक्षा जास्त नाही. यातली बरीच औषधं फ्रिजमध्ये ठेवावी लागतात. भारनियमनाच्या गावात याचा विचार आधी करायचा.

गोळी असो की इंजेक्शन, ताठरता चार तासांच्या वर टिकली तर ती तातडीची बाब आहे. कप्प्यांतलं रक्त अडकून ऑक्सिजन संपतो आणि आतला स्पंज कायमचा कडक होऊ शकतो. मध्यरात्र असली तरी मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जायचं. सुईने रक्त काढून आणि औषध देऊन ताठरता उतरवतात. लाजेपोटी सकाळची वाट पाहणाऱ्याचं कायमचं नुकसान होतं.

शेवटचा उपाय शस्त्रक्रियेचा: कप्प्यांत कृत्रिम दांड्या बसवणं, म्हणजे पेनाइल इम्प्लांट. वाकणाऱ्या दांड्या स्वस्त, त्यांत बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. लिंग कायम ताठ राहतं, नको तेव्हा खाली वाकवून ठेवायचं. फुगणाऱ्या प्रकारात अंडकोशाच्या पिशवीत छोटा पंप आणि पोटात द्रवाची पिशवी असते. पंप दाबला की ताठरता, दुसरीकडे दाबलं की सैल. तो बराच महाग, आणि काही वर्षांनी बिघडला तर बदलावा लागतो. संबंध साधारण सहा आठवड्यांनी सुरू करता येतात. संवेदना, वीर्यपतन आधी जसं असेल तसंच राहतं. हे बसवल्यावर स्वतःची ताठरता परत येण्याची वाट मात्र बंद होते, म्हणून बाकी सगळं करून झाल्यावरच. जंतुसंसर्ग झाला तर दांड्या काढाव्या लागतात. म्हणून मधुमेह असलेल्याने आधी साखर आटोक्यात आणावी. या शस्त्रक्रियेनंतर समाधानी असणाऱ्यांचं प्रमाण सगळ्या उपायांत वरच्या टोकाला आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं.

## टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन, शॉकवेव्ह, पीआरपी?

टेस्टोस्टेरॉन दोन सकाळच्या तपासण्यांत कमी आलं आणि इच्छाही घटली असेल तरच. पातळी ठीक असताना घेऊन ताठरता सुधारत नाही. मूल हवं असणाऱ्याने तर घेऊच नये, बाहेरून हार्मोन आलं की वृषणांतलं शुक्राणूंचं उत्पादन थांबतं. व्यायामशाळेत मिळणाऱ्या इंजेक्शनांनाही हे लागू आहे.

यंत्राने लिंगावर हलक्या ध्वनिलहरी सोडणारं शॉकवेव्ह आणि स्वतःच्या रक्तातल्या प्लेटलेट टोचणारं पीआरपी यांच्या जाहिराती आता मोबाइलवर दिसतात. शॉकवेव्हवर संशोधन चालू आहे, काहींना थोडा फायदा दिसतो, पण नेहमीचा उपचार म्हणून ते पक्कं झालेलं नाही. पीआरपीचा पुरावा त्याहून कच्चा. शेत गहाण टाकून दहा सिटिंगचं पॅकेज घेऊ नका.

## जडीबुटी तरी निरुपद्रवी असेल ना?

आयुर्वेदाची पदवी घेतलेल्या वैद्याकडे जाणं आणि आठवडी बाजारातल्या तंबूतून बिननावाची पुडी आणणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पुडीवर ना घटक, ना परवाना क्रमांक, ना तारीख. ‘हर्बल’ म्हणून विकलेल्या चूर्णांत आणि कॅप्सूलमध्ये तपासणीत सिल्डेनाफिल सापडल्याची उदाहरणं जगभर नोंदलेली आहेत. ‘अर्ध्या तासात असर’ दाखवणारी पुडी संशयास्पद मानावी. सॉर्बिट्रेट घेणाऱ्या हृदयरुग्णाने ती घेतली तर वर सांगितलेलाच प्रकार होतो, आणि डॉक्टरांना कारणही कळत नाही. नीट शोधन (शुद्धीकरण) न केलेल्या भस्मांतून शिसं, पारा मूत्रपिंडात जातो.

कामशक्ती वाढवण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करणं १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने गुन्हा आहे. भिंतीवर ‘खात्रीशीर’ लिहिणारा कायदा मोडूनच सुरुवात करतो. सिल्डेनाफिलही कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही.

## जायचं कुणाकडे, बोलायचं काय?

सुरुवात गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. तिथे तिशीच्या पुढच्यांचं बीपी आणि शुगर तपासतात. शुगरचा दवाखाना आधीच चालू असेल तर त्याच डॉक्टरांना सांगा. एक वाक्य पुरतं: ‘डॉक्टर, मला सहा महिन्यांपासून संबंधाच्या वेळी ताठरता टिकत नाही, पहाटेही कमी झालीय.’ समोर गर्दी असेल तर हेच कागदावर लिहून द्या. ते असे रुग्ण नेहमी पाहतात, त्यांना नवल वाटत नाही.

गोळीने भागलं नाही तर मूत्रविकारतज्ज्ञ, म्हणजे युरोलॉजिस्ट. मन आणि नात्याचा भाग मोठा असेल तर मानसोपचार विभाग. छत्रपती संभाजीनगरचं घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडच्या विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण आणि लातूरचं विलासराव देशमुख या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत केसपेपर काढून सुरुवात करता येते. कोणत्या वारी कोणता विभाग बसतो ते आधी विचारून घ्या. साखरेचं आणि टेस्टोस्टेरॉनचं रक्त उपाशीपोटी, दहाच्या आत द्यायचं असल्याने पहिल्या एसटीनेच निघा, आणि औषधांच्या स्ट्रिपची पिशवी घरी विसरू नका.